वाटेवरचा जखमी जीव : करुणा आणि निर्ममता

सज्जनहो, गीतेवर बोलावयास निघालेल्या माणसाची वाटेतच गीतेने परीक्षा घ्यावी, असा एक प्रसंग माझ्या आयुष्यात घडला. त्या परीक्षेत मी उत्तीर्ण झालो नाही. म्हणूनच तो प्रसंग आपणांस सांगावासा वाटतो.

मार्गशीर्षाचे दिवस होते. लखनौतील काही महाराष्ट्रीय कुटुंबांनी गीताजयंतीनिमित्त मला बोलाविले होते, आणि विषय ठरला होता बाराव्या अध्यायातील भक्तलक्षणे. धुक्यामुळे विमान बऱ्याच उशिरा अमौसी येथे उतरले. बाहेर आलो तेव्हा सकाळ झाली होती, पण सूर्याचा पत्ता नव्हता. यजमानांनी पाठविलेली मोटार कानपूर रस्त्यास लागली न लागली तोच चालकाने तिचा वेग कमी केला. रस्त्याच्या कडेला, चिखलाने माखलेले काहीतरी हालत होते. तो कोल्हा होता. कोणत्या तरी वाहनाची धडक बसून त्याचे मागचे दोन्ही पाय निकामी झाले होते, आणि पुढच्या पायांवर अंग ओढीत तो कडेच्या गवताकडे जाऊ पाहत होता.

चालकाने विचारले, "पंडितजी, थांबू का?" मी घड्याळाकडे पाहिले आणि म्हणालो, "श्रोते खोळंबले असतील. येथे कोणीतरी पाहील." माझ्या मांडीवर बाराव्या अध्यायाची टिपणे होती.

त्या गृहस्थाने "दोन मिनिटे, पंडितजी" एवढेच म्हटले आणि मोटार रस्त्याच्या कडेस घेऊन दिवे लुकलुकत ठेवले, जेणेकरून मागून येणाऱ्या वाहनांनी त्या जीवाला वळसा घालून जावे. मागच्या बाजूचे जुने कांबळे त्याने काढले, कोल्ह्याच्या तोंडाकडे न जाता मागून ते हलकेच त्याच्या अंगावर टाकले आणि स्वतः दहा पावले मागे सरला. अंधार होताच त्या जीवाचे गुरगुरणे थांबले. मग त्याने ११२ क्रमांकावर पोलिसांना कळविले व त्यांच्याकरवी वनविभागास निरोप पोहोचविला. पाच-सात माणसे जमली. एकाला छायाचित्र हवे होते. दुसऱ्याने चहाच्या टपरीवरून कुल्हडभर दूध आणले. चालकाने हात जोडून दोघांनाही परत पाठविले. तासाभराने वनकर्मचारी पिंजरा घेऊन आले आणि त्या कोल्ह्यास घेऊन गेले.

त्या तासात मी काय केले? थंडीत उभा राहिलो, आणि भक्ताची लक्षणे वाचण्यासाठी पुस्तक उघडण्याची आवश्यकता नाही, हे पाहत राहिलो.

आता हा प्रसंग बाजूस ठेवून आपण मूळ प्रश्नाकडे वळू. आपण सर्वच प्रवास करतो. राजमार्ग रुंद झाले, वाहने वेगवान झाली आणि रानांतून, शेतांतून, माळांवरून जाणारे हे मार्ग प्राण्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटा छेदून गेले. कोल्हा, नीलगाय, मुंगूस, साळिंदर, घोरपड, घुबड यांपैकी कोणी ना कोणी आपल्याला वाटेत जखमी होऊन पडलेले दिसते. अशा वेळी गीतेचा वाचक म्हणविणाऱ्या माणसाने काय करावे?

महाराष्ट्रात हा प्रश्न नवा नाही. पैठणच्या नाथमहाराजांची कथा आपण बाळपणापासून ऐकत आलो. काशीहून गंगेची कावड घेऊन यात्रेकरू रामेश्वरास निघाले होते. वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव तहानेने तडफडत होते. सोबतचे यात्रेकरू हळहळले; परंतु रामेश्वरासाठी आणलेले पाणी गाढवास कसे पाजावे? नाथांनी आपली कावड उतरविली आणि ते जल त्या मुक्या जीवाच्या मुखात घातले. रामेश्वर येथेच भेटला, अशी त्यांची श्रद्धा होती.

या कथेतील एका गोष्टीकडे आपले सहसा लक्ष जात नाही. गाढव उठून उभे राहिले, आणि नाथ पुढे चालू लागले. त्यांनी त्या गाढवाला दावे लावले नाही, आपल्यासोबत नेले नाही, 'मी वाचविलेले गाढव' म्हणून ते कोणास दाखविले नाही. पाणी दिले आणि हात मोकळे केले. करुणा आणि निर्ममता या दोन्ही गोष्टी त्या एका कृतीत होत्या.

बाराव्या अध्यायाच्या तेराव्या श्लोकात भगवंतांनी हीच जोडी ठेविली आहे. भक्ताची लक्षणे सांगताना ते प्रथम सांगतात की, त्याच्या ठायी कोणत्याही भूतमात्राविषयी द्वेष नसतो. त्यानंतर मैत्री सांगतात, मग करुणा सांगतात, आणि करुणेला लागूनच म्हणतात की, तो ममत्वरहित व अहंकाररहित असतो. हा क्रम चिंतन करण्याजोगा आहे. प्रथम द्वेष जावयास हवा. कोल्हा लबाड, घुबड अशुभ, वटवाघूळ अमंगळ, साप वैरी, अशा समजुतींचे ओझे मनावर असेल तर करुणा जागी होणारच नाही. करुणा जागी झाली की तिच्या पाठोपाठ 'हा माझा' हा भाव चोरपावलांनी येतो. म्हणून भगवंत तत्काळ सावध करतात की, करुणा असू द्या, ममत्व नको.

सहाव्या अध्यायात योग्याची कसोटी सांगितली आहे ती आत्मौपम्याची. स्वतःच्या सुखदुःखाच्या मापाने जो सर्वांचे सुखदुःख मोजतो तो परमयोगी. मी जर पाय मोडून धुक्यात रस्त्यावर पडलो असतो, तर मला काय हवे होते? माझ्यावरून चाक जाऊ नये, माझ्याभोवती गर्दी होऊ नये, आणि ज्याला उपचार कळतात अशा कोणास तरी लवकर कळावे. त्या कोल्ह्यालाही नेमके एवढेच हवे होते.

येथे काही शंका उपस्थित होतात. त्यांचा विचार केल्यावाचून पुढे जाणे योग्य नव्हे.

पहिली शंका अशी की, प्रत्येक जीव आपापले प्रारब्ध भोगीत असतो. आपण त्यात हात का घालावा? समाधान असे की, त्या जीवाचे प्रारब्ध त्याचे आहे, परंतु तो तुमच्या दृष्टीस पडला हे तुमच्या वाट्यास आलेले कर्तव्य आहे. आपल्या घरचे मूल तापाने फणफणले असता कोणी प्रारब्धाची चर्चा करीत बसत नाही, वैद्याकडे धावतो. दुसऱ्याच्या दुःखाच्या वेळीच ज्याला प्रारब्ध आठवते, त्याने आपल्या आळसाला शास्त्राचे वस्त्र नेसविले आहे, असे समजावे.

दुसरी शंका अशी की, माणसे दुःखात असताना पशूंची चिंता कशाला? वस्तुतः ज्याचे हृदय वाटेवरच्या मुक्या जीवासाठी थांबते, ते माणसासाठी थांबत नाही असे क्वचितच घडते. करुणा ही काही तिजोरीतील रक्कम नाही की एकाला दिली म्हणून दुसऱ्यास कमी पडावी. ती वापराने वाढते.

तिसरी शंका अधिक मार्मिक आहे. पाचव्या अध्यायात ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा या सर्वांच्या ठायी समदृष्टी सांगितली आहे. मग सर्वांशी सारखेच वागावयाचे काय? नाही. समदर्शन म्हणजे समवर्तन नव्हे. आत्मा सर्वत्र एकच आहे हे पाहावयाचे. व्यवहार मात्र देह व स्वभाव ओळखून करावयाचा. जखमी चिमणी ओंजळीत घेता येईल. जखमी बिबट्याचा मान दुरूनच राखावा लागेल. सापाला वाट मोकळी करून देणे व जाणकारास बोलाविणे हीच त्याच्यावरील दया होय.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते की, केवळ हृदय द्रवले म्हणजे काम झाले असे नाही. दयेलाही ज्ञानाचा डोळा हवा. अठराव्या अध्यायाच्या पंचविसाव्या श्लोकात तामस कर्माचे लक्षण सांगितले आहे. पुढील परिणाम, होणारी हानी, घडणारी हिंसा आणि स्वतःचे सामर्थ्य, या चार गोष्टी न पाहता मोहाने आरंभिलेले कर्म ते तामस. हेतू कितीही गोड असला तरी या चार गोष्टी डोळ्यांआड केल्या की भूतदयाही तामस होते. म्हणून वाटेवर जखमी जीव दिसला असता या चारही गोष्टी क्रमाने तपासाव्या. आपल्या सोयीसाठी मी हा क्रम उलटा घेतो.

प्रथम स्वतःचे सामर्थ्य. राजमार्गावर भरधाव वाहनांच्या मध्ये धावत सुटणे म्हणजे एका मरणाची दोन मरणे करणे होय. आपले वाहन सुरक्षितपणे कडेस घ्यावे, मागच्यांना इशारा मिळेल अशी व्यवस्था करावी, मग जीवाकडे पाहावे. नीलगाय, रानडुक्कर, बिबट्या यांसारख्या मोठ्या प्राण्याच्या जवळ जाऊच नये. वेदनेने वेडा झालेला प्राणी उपकार ओळखत नाही, आणि त्याने ओळखावा अशी अपेक्षा धरणे हे आपलेच अज्ञान. अशा वेळी दूर उभे राहून लोकांना आवरणे व वनविभागास बोलाविणे हेच साहाय्य. कोल्हा, माकड, मुंगूस, वटवाघूळ यांपासून रेबीज होऊ शकतो. तो जडल्यावर त्यातून माणूस बहुधा वाचत नाही. यास्तव उघड्या हाताने स्पर्श करू नये. चावा वा ओरखडा लागलाच, तर ती जागा साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन लस सुरू करावी.

दुसरी गोष्ट हिंसा. सेवा करताना हिंसा कशी घडेल, असे वाटेल. परंतु वन्य जीवाला माणसाचा हात म्हणजे शिकाऱ्याचा पंजा. आपण प्रेमाने पाठ कुरवाळतो, आणि त्याला वाटते की आपला शेवट आला. हरीण, नीलगाय यांसारखे प्राणी पकडले गेले असता त्या भयाने व धडपडीने त्यांचे स्नायू आतून झिजू लागतात, हृदय व मूत्रपिंडे निकामी होतात आणि वरवर फारशी जखम नसतानाही ते काही तासांत, कधी काही दिवसांनी प्राण सोडतात. म्हणून पहिले औषध अंधार आणि दुसरे औषध शांतता. डोळ्यांवर हलके फडके आले की पुष्कळसे भय ओसरते. पक्ष्यांविषयी आणखी एक सावधगिरी बाळगावी. त्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचे हाड पुढेमागे हालते तेव्हा त्यांचा श्वास चालतो. छाती घट्ट मुठीत धरली तर पक्षी गुदमरून मरतो, आणि धरणाऱ्यास वाटते की तो जखमेने मेला. जमलेली गर्दी, गोंगाट, छायाचित्रांसाठी चमकणारे दिवे, हीसुद्धा हिंसाच होय.

तिसरी गोष्ट हानी. आपली पहिली ऊर्मी पाणी पाजण्याची असते. नाथांचे गाढव तहानेले होते आणि स्वतः गिळू शकत होते, म्हणून पाणी हाच त्याचा उपचार ठरला. परंतु अर्धवट शुद्धीत असलेल्या जीवाच्या तोंडात पाणी ओतले तर ते श्वासनलिकेत जाते, आणि ज्याला वाचवावयाचे तोच आपल्या हातून मरतो. दुधाचेही तसेच. पक्षी आपल्या पिलांना दूध पाजीत नाहीत; त्यांना ते पचत नाही. मोठ्या झालेल्या बहुतेक वन्य पशूंनाही ते अपाय करते. जाणकार येईपर्यंत अन्नपाणी न देता, लहान जीव असल्यास भोके पाडलेल्या खोक्यात, तळाशी मऊ फडके घालून, अंधारात व उबेत ठेवावे. लखनौत दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, आणि आपल्याकडे संक्रांतीस, पतंगाच्या मांज्यात घारी, घुबडे, बगळे अडकतात. तो मांजा ओढून काढू नये. ओढताना तो पंखाचे स्नायू व शिरा कापीत जातो. दोन्ही बाजूंनी दोरा तोडावा आणि पंखात रुतलेला भाग पशुवैद्यासाठी तसाच ठेवावा.

चौथी गोष्ट परिणाम. हा जीव बरा होऊन कोठे जाणार? त्याचा विचार पहिल्या क्षणीच करावयाचा असतो. तो नेमका कोठे सापडला ती जागा लक्षात ठेवावी, कारण बरा झाल्यावर त्याला त्याच परिसरात सोडता यावे. पुष्कळदा जो अनाथ दिसतो तो अनाथ नसतोच. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर भागात उसाच्या तोडणीच्या वेळी बिबट्याचे बछडे सापडतात. पूर्वी लोक त्यांना उचलून नेत. आता वनविभाग आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रातील लोक त्या बछड्यांना तपासून, सापडले त्याच शेतात संध्याकाळी ठेवतात व दूर थांबतात; रात्री आई येते आणि एकेका पिलाला तोंडात धरून घेऊन जाते. पंख फुटू लागलेले पिलू जमिनीवर दिसले तर बहुधा त्याचे आईबाप जवळच्या फांदीवर असतात. अगदी लहान पिलू घरट्यातून पडले असेल तर ते परत घरट्यात ठेवावे. माणसाचा स्पर्श झाला म्हणून पक्षीण पिलाला टाकते, ही समजूत बहुतेक पक्ष्यांच्या बाबतीत खरी नाही. तात्पर्य, काही वेळा न उचलणे हीच सर्वांत मोठी दया असते.

या चार कसोट्यांतून आपण उत्तीर्ण झालो, तरी एक कसोटी उरते, आणि ती सर्वांत कठीण आहे. तिचे नाव निर्ममता.

श्रीमद्भागवताच्या पाचव्या स्कंधात राजर्षी भरताची कथा आहे. ज्याच्या नावाने हा देश भारतवर्ष म्हणविला गेला, तोच हा भरत. राज्य, पत्नी, पुत्र या सर्वांचा त्याग करून तो गंडकीच्या तीरी तप करीत होता. एके दिवशी एक गर्भवती हरिणी पाणी पिण्यास आली. सिंहाची गर्जना ऐकून तिने भयाने उडी घेतली. तिचे पाडस प्रवाहात पडले आणि ती पलीकडे जाऊन मरण पावली. भरताने ते पाडस पाण्यातून काढले, आश्रमात आणले. त्याला गवत चारावे, वृकांपासून जपावे, खांद्यावर घ्यावे, ते दिसेनासे झाले की व्याकूळ व्हावे, असे करता करता त्याचे नित्यनेम सुटले. मरणसमयी त्याच्या चित्तात ते हरीणच होते, आणि अंतकाळी ज्याचे स्मरण त्याचीच प्राप्ती या आठव्या अध्यायातील नियमानुसार त्याला हरणाचा जन्म आला.

या कथेवरून कोणी असे म्हणतात की, पाहा, दया केली आणि तपस्वी बुडाला. हा अर्थ चुकीचा आहे. पाडस प्रवाहातून काढणे हे भरताचे पाप नव्हते. ते न काढता जपमाळ ओढीत बसला असता तर तेच पाप झाले असते. चूक पुढे झाली. पाडस चरू लागले, पळू लागले, त्या दिवशी त्याला हरणांच्या कळपाकडे जाऊ द्यावयास हवे होते. तो दिवस आला आणि भरताला तो दिसला नाही. राज्य ज्याने सहज सोडले, त्याला पाडस सोडवेना, कारण राज्यात भोग आहे हे त्याला कळत होते. पाडसाच्या बाबतीत भोगाने दयेचा वेष घेतला होता.

ही केवळ पुराणातील गोष्ट नाही. लखनौच्या आग्नेयेस अमेठी जिल्ह्यात २०२२ साली एका तरुण शेतकऱ्याला आपल्या शेतात पाय मोडलेला सारस सापडला. त्याने त्याच्यावर घरगुती उपचार केले, पाय सांधला. पक्षी बरा झाला. त्याला बांधून ठेवले नव्हते, पिंजरा नव्हता. तरी तो गेला नाही. शेतकरी दुचाकीवरून निघाला की सारस त्याच्या डोक्यावरून उडत सोबत जाई. ती चित्रे देशभर पाहिली गेली आणि लोकांनी डोळे पुसले. मार्च २०२३ मध्ये वनविभागाने तो सारस रायबरेली जिल्ह्यातील समसपूर पक्षी अभयारण्यात नेला. पक्षी तेथून निघून जवळच्या वस्तीत माणसांपाशी जाऊ लागला, तेव्हा त्याला कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात ठेवण्यात आले. पुढे तो शेतकरी भेटीस गेला असता तो पक्षी पिंजऱ्याआड पंख पसरून नाचू लागला.

येथे दोष कोणाचा, हे ठरविणे आपला विषय नव्हे. त्या तरुणाचे अंतःकरण निर्मळ होते. ज्याने शेतात तडफडणारा पक्षी पाहून नांगर थांबविला त्याला आपण नमस्कारच करू. परंतु साधकाच्या दृष्टीने त्यात एक सूक्ष्म गोष्ट दिसते. ममत्व माणसाच्याच मनात उत्पन्न होते असे नाही. ते त्या जीवाच्याही मनात उत्पन्न होते, आणि त्याची किंमत त्यालाच मोजावी लागते. वन्य जीवाला माणसाविषयी वाटणारी भीती हे त्याचे कवच आहे. सारस जन्मभर एकाच जोडीदाराशी संसार करणारा, पाणथळीत घरटे बांधणारा पक्षी. पायाची जखम भरली. पण ते कवच गळून पडल्यावर त्याला सारसांमध्ये सारस म्हणून जगणे कठीण झाले. म्हणून आज जाणते शुश्रूषक जखमी जीवाशी शक्य तितके कमी बोलतात, त्याला नाव देण्याचे टाळतात, खाऊ घालताना आपला चेहराही दाखवीत नाहीत. हे कोरडेपण नव्हे. ज्याला परत जावयाचे आहे त्याच्या वाटेत आपण उभे राहावयाचे नाही, या भावनेने केलेले ते तप आहे.

काही जीव असे असतात की, त्यांना परत जाताच येत नाही. गडचिरोली जिल्ह्यात हेमलकसा येथे १९७३ साली सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश आमटे यांनी शिकारीत आई गमावलेल्या वन्य पिलांना आसरा दिला. तेथे जन्मभराचा सांभाळ हाच धर्म ठरतो. परंतु कोणता जीव परत जाऊ शकतो व कोणता नाही, हा निर्णय आपल्या जिव्हाळ्याने करावयाचा नसून त्या विषयाच्या जाणकाराने करावयाचा असतो.

म्हणूनच या बाबतीत देशाचा कायदाही साधकाला साहाय्यक ठरतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे असा वन्य प्राणी कोणाच्याही खाजगी मालकीचा होत नाही. तो हाती आला असता ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यास किंवा अधिकृत अधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. महाराष्ट्रात वनविभागाचा १९२६ हा दूरध्वनी क्रमांक याकामी उपयोगी पडतो. आणि १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने प्राणिमात्राविषयी दयाबुद्धी बाळगणे हे भारतीय नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून राज्यघटनेत लिहिले गेले. कायदा म्हणतो, हा तुझा नव्हे. गीता म्हणते, 'माझा' हा भावच सोड. दोघांची भाषा निराळी. साधकाला त्यातून एकच शिस्त लागते.

अमौसीहून निघालेला तो रस्ता उन्नाव जिल्ह्यातील नवाबगंजच्या पक्षी अभयारण्यावरून कानपूरला जातो. हिवाळ्यात तेथील पाण्यावर दूरदूरचे पक्षी उतरतात. कानपूरच्या पलीकडे गंगाकाठी बिठूर आहे, आपले ब्रह्मावर्त. दुसऱ्या बाजीरावांच्या अखेरच्या वर्षांमुळे ते नाव मराठी मनाला ठाऊक आहे. परंतु त्याच ठिकाणी वाल्मीकींचा आश्रम होता, असे परंपरा सांगते. व्याधाच्या बाणाने क्रौंचाच्या जोडीतील एक पक्षी पडला, आणि त्या शोकातून आदिकवीची वाणी प्रकटली. तो क्रौंच म्हणजे हाच सारस, असे अनेक अभ्यासक मानतात. वाल्मीकी त्या पक्ष्याला वाचवू शकले नाहीत. पण त्यांनी पाठ फिरविली नाही. पुढे त्याच रामायणात प्रभू रामचंद्र जखमी जटायूला कवेत घेतात. तेही त्याला वाचवू शकत नाहीत. तरी पित्याप्रमाणे त्याचे अंत्यसंस्कार करतात. फळ हाती आले नाही म्हणून ती करुणा वाया गेली, असे कोण म्हणेल?

हे मला त्या वेळी सुचले नाही; दोन दिवसांनी सुचले. परतीच्या दिवशी अमौसीला सोडावयास तोच चालक आला. मी विचारले, "त्या कोल्ह्याचे काय झाले?" तो म्हणाला, "त्याच रात्री गेला, पंडितजी. कंबर मोडली होती." मी गप्प राहिलो. मग मी त्याला म्हटले, "एवढे करूनही व्यर्थच झाले म्हणावयाचे." त्याने समोर पाहतच उत्तर दिले, "व्यर्थ कसे? चाकाखाली नाही गेला. अंधारात, उबेत, शांतपणे गेला. आमच्याकडे माणसालाही एवढे मिळाले तर लोक भाग्यवान म्हणतात."

दुसऱ्या अध्यायातील फलत्यागावर मी कित्येक वर्षे बोलत आलो आहे. त्याचा इतका सरळ अर्थ मला कोणी सांगितला नव्हता. कर्मावर आपला अधिकार होता, तो त्याने बजावला. फळ त्याच्या हाती नव्हते, त्याविषयी त्याला खंत नव्हती. कांबळे गेले, त्याचा त्याने उल्लेखही केला नाही.

सज्जनहो, आपण कोणी मोठे व्रत घ्यावे असे माझे म्हणणे नाही. एवढाच नियम करावा की, वाटेत जखमी जीव दिसला असता 'कोणीतरी पाहील' हे शब्द मनात उमटू द्यावयाचे नाहीत. ते मी उच्चारले आहेत आणि त्यांची लाज मला ठाऊक आहे. थांबावे. आपले सामर्थ्य ओळखावे. अंधार व शांतता द्यावी. जाणत्यास कळवावे आणि तो येईपर्यंत जागा सोडू नये. आणि तो जीव बरा होऊन रानात पळाला व त्याने मागे वळूनही पाहिले नाही, तर ती आपल्या सेवेची पूर्तता समजावी.

सर्व भूतांच्या हृदयात वसणारा तो परमात्मा आपल्याला वाटेवर थांबण्याची बुद्धी देवो, आणि थांबल्यानंतर योग्य वेळी हात सोडण्याचे बळही देवो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.